मोटोक्रॉसपटूची लांब वाट : सी. एस. संतोष आणि आपल्याकडची मातीची शर्यत



तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्याचं आयुष्य गेलं, अशा माणसानं इतिहासाच्या व्याख्यानमालेत मोटरसायकलच्या शर्यतीवर बोलावं, हे काहींना विचित्र वाटेल. सोलापुरात व्याख्यान म्हटलं की मार्शल लॉ आला, गिरण्या आल्या, सिद्धरामेश्वर आले. ते विषय मोठे आहेतच. पण इतिहास म्हणजे माणसांनी आपलं आयुष्य कशात घातलं त्याची नोंद, असं आम्ही मानतो. आणि गेल्या पन्नास वर्षांत आपल्या देशानं ज्या एका यंत्राला सर्वांत जास्त जवळ केलं, ते यंत्र मोटरसायकल. ती प्रत्येक दारात उभी आहे, पण तिच्या शर्यतीचा इतिहास कुणाच्याच घरी नाही. म्हणून हा विषय घेतला.

आज आपण एका माणसाची कारकीर्द बघणार आहोत. सी. एस. संतोष. जन्म १९८३. गाव बंगळुरू, म्हणजे आपल्या स्टेशनवरून रोज गाड्या जातात तेच. सोलापूरकराला कानडी मुलूख परका नाही. शहरातल्या कितीतरी घरांत ती भाषा आहे. तेव्हा शेजारच्याच पोराची गोष्ट म्हणून ऐका. आणि ऐकताना एक प्रश्न डोक्यात ठेवा : ज्या खेळात शरीर रोज पणाला लागतं, त्यात कारकीर्द लांब होते म्हणजे नेमकं काय होतं? जिंकलेल्या शर्यतींची बेरीज म्हणजे कारकीर्द का?

आधी खेळ काय आहे ते स्पष्ट करू, कारण घोळ फार आहे. गड्ड्याच्या यात्रेत मौत का कुआँ येतो. लाकडी भिंतीवर गोल गोल गाडी फिरते, आपण वरून वाकून बघतो, नोट पुढे करतो. ते धाडस खरं, पण तो खेळ नव्हे, प्रयोग आहे. तिथं कुणी कुणाशी स्पर्धा करत नाही. रात्री रस्त्यावर पुढचं चाक उचलून पोरं जातात, तेही मोटोक्रॉस नव्हे. मोटोक्रॉस म्हणजे मातीच्या बंदिस्त वळणदार मार्गावर, चढ-उतार, खड्डे आणि उड्या यांवरून, एकाच वेळी सुटलेल्या अनेक स्वारांची शर्यत.

हिची सुरुवात इंग्लंडात झाली. २९ मार्च १९२४ रोजी सरे परगण्यातल्या कॅम्बर्ली इथं काही क्लबवाल्यांनी माळरानावर एक शर्यत घेतली. त्याआधी यॉर्कशरमध्ये स्कॉट ट्रायल नावाची स्पर्धा व्हायची. तिच्यात वेगाबरोबर कौशल्याचेही गुण असत : अवघड जागी पाय जमिनीला लागला की गुण गेले. कॅम्बर्लीच्या मंडळींनी ते गुण काढून टाकले. जो आधी पोहोचेल तो जिंकला, इतका साधा नियम. याला ते 'स्क्रॅम्बल' म्हणायला लागले. म्हणजे आपल्या भाषेत झुंबडच. पुढे फ्रेंचांनी मोटरसायकलचा 'मोटो' आणि क्रॉस-कंट्रीचा 'क्रॉस' जोडून आजचं नाव दिलं. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात हा खेळ फोफावला. १९४७ साली नेदरलँड्समध्ये वासेनार इथं राष्ट्रांची पहिली सांघिक स्पर्धा झाली, १९५७ पासून ५०० सीसी गटाला जागतिक अजिंक्यपदाचा दर्जा मिळाला. १९७२ साली अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या कोलिझियम मैदानात ट्रकांनी माती आणून टाकली आणि प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर मोटोक्रॉस मांडला. तिथून 'सुपरक्रॉस' निघाला. ती शर्यत मार्टी ट्राइप्स नावाच्या सोळा वर्षांच्या पोरानं जिंकली. सोळा! हा आकडा लक्षात ठेवा. हा तरुणांचा खेळ आहे, आणि त्यात लांब टिकणं ही अपवादाची गोष्ट आहे.

टिकणं अवघड का, ते शरीराकडे बघितलं की कळतं. जागतिक स्पर्धेतली एक फेरी तीस मिनिटं आणि वर दोन चकरा इतकी चालते. तेवढा वेळ स्वार बहुतेक उभा असतो. पाय फूटरेस्टवर, गुडघ्यांनी टाकी दाबलेली, कोपर बाहेर. शंभर किलोच्या वर वजनाची गाडी खालून सारखी लाथा मारते. नाडी जवळजवळ कमाल मर्यादेला टेकते आणि तिथंच राहते. हाताच्या पुढच्या भागाचे स्नायू फुगून दगडासारखे होतात, बोटांना ब्रेक-क्लच दाबवत नाही. याला स्वारमंडळी 'आर्म पंप' म्हणतात. उडी मारल्यावर गाडी हवेत असते तेव्हासुद्धा काम चालूच असतं. हवेत ॲक्सिलरेटर पिळला तर पुढचं चाक वर येतं, मागचा ब्रेक दाबला तर पुढचं चाक खाली जातं. चाकाच्या फिरण्यातल्या बदलानं गाडीचा तोल सावरायचा, आणि हे सगळं अर्ध्या-एक सेकंदात. चुकलं तर गळ्याचं हाड, मनगट, गुडघा. गळ्याचं हाड न मोडलेला मोटोक्रॉसपटू दाखवा, असं या लोकांत थट्टेनं म्हणतात.

आता आपल्या देशाकडे येऊ. भारतात मोटर शर्यती आल्या त्या विमानांच्या धावपट्ट्यांवर. मद्रासजवळ शोलावरम इथं युद्धकाळातली धावपट्टी होती. तिथं दरवर्षी शर्यती भरत आणि दुरून लोक येत. मुंबईत जुहूला, बंगालमध्ये बराकपूरला असंच. १९७१ साली मोटर स्पोर्ट्स क्लबांचा राष्ट्रीय महासंघ उभा राहिला, म्हणजे नियम, परवाना, पंच या गोष्टी एका छत्राखाली आल्या. डांबरी सर्किट मात्र फार थोडी आणि तीही बहुतेक दक्षिणेत. सर्किट बांधायला जमीन लागते, कोट्यवधी रुपये लागतात. मातीच्या शर्यतीला काय लागतं? एक मोकळं मैदान, एक जेसीबी, माती, पाण्याचा टँकर. दोन दिवसांत ढिगारे उभे करता येतात, शर्यत झाल्यावर मैदान पुन्हा सपाट करून परत देता येतं. म्हणूनच हा खेळ आपल्याकडे बंगळुरू, कोइम्बतूर, गोवा, बडोदा आणि आपल्या महाराष्ट्रात पुणे, नाशिक अशा ठिकाणी रुजला. ही बहुतेक कारखान्यांची शहरं आहेत. जिथं लेथ आहे, वेल्डिंग आहे, सुटे भाग आहेत, गॅरेजमध्ये तासन्‌तास बसणारी पोरं आहेत, तिथं हा खेळ वाढला.

गाड्यांचंही तसंच. परदेशात मोटोक्रॉसची गाडी वेगळीच जन्माला येते : दिवा नाही, आरसा नाही, सस्पेन्शनची हालचाल जवळपास एक फूट. आपल्याकडे ती आयात करायची म्हणजे जकात भरताना घर विकायची पाळी. मग आपल्या पोरांनी काय केलं? दूध घालायला आणि कॉलेजला जायला केलेली गाडी घेतली. १९८५ साली आरएक्स १०० आली, त्या सुमारास सुझुकीची शंभर सीसी आली, हलक्या, टू-स्ट्रोक. त्यांची चौकट कापून मजबूत करायची, मागचे शॉकॲबसॉर्बर उंच करायचे, सायलेन्सर बदलायचा, मागचं दातेरी चक्र मोठं बसवायचं. राष्ट्रीय स्पर्धेतसुद्धा परदेशी गाड्यांचा गट वेगळा आणि भारतीय बनावटीच्या गाड्यांचा गट वेगळा ठेवावा लागला, यातच सगळं आलं. पैसे कोण देणार? टायर कंपन्या, ऑइल कंपन्या, आणि दोन-तीन दुचाकी कारखाने. त्यांना यात जाहिरात दिसली. कंपनीच्या संघात जागा मिळाली तर पगार. नाही मिळाली तर आईवडिलांचा पैसा आणि स्वतःचं गॅरेज. आपल्याकडचा 'व्यावसायिक' मोटोक्रॉसपटू म्हणजे बहुधा असा, ज्याचा अर्धा दिवस दुसऱ्याची गाडी दुरुस्त करण्यात जातो.

गंमत बघा. २००१ साली हीरो होंडा ही आपली कंपनी संख्येच्या हिशोबानं जगातली सर्वांत मोठी दुचाकी उत्पादक झाली. जगातल्या सर्वांत मोठ्या दुचाकी कंपनीचा देश, आणि जगाच्या मातीच्या शर्यतीत आपलं नाव जवळजवळ शून्य.

या परिस्थितीत संतोष उभा राहिला. त्यानं मोटोक्रॉस आणि सुपरक्रॉसच्या राष्ट्रीय स्पर्धा केल्या, राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. पण राष्ट्रीय विजेता झाल्यावर पुढे काय? कुस्तीत तालुका, जिल्हा, महाराष्ट्र केसरी, हिंदकेसरी, ऑलिम्पिक अशी शिडी असते. पायऱ्या अवघड असतील, पण आहेत. मोटोक्रॉसमध्ये राष्ट्रीय पायरीनंतर शिडी हवेत संपत होती. युरोपात पोरगं पाच-सहा वर्षांचं असताना पन्नास सीसीच्या गाडीवर बसतं; आपला विशीतला विजेता तिथं गेला तर त्याच्या पंधरा वर्षं मागे. हे अंतर मेहनतीनं भरून निघत नाही. बालपण परत आणता येत नाही हो.

इथं त्यानं जो निर्णय घेतला, त्यात आमच्या मते या कारकिर्दीचं मर्म आहे. तिशी जवळ आली असताना तो बंदिस्त मार्ग सोडून क्रॉस-कंट्री रॅलीकडे वळला. फरक समजून घ्या. सुपरक्रॉसचा मार्ग स्वार आधी पायी चालून बघतो. प्रत्येक उंचवटा मोजतो. मग तीच चकर वीस वेळा मारतो. ती माहीत असलेली माती. रॅलीत रोज शेकडो किलोमीटर जायचं आणि पुढच्या टेकाडापलीकडे काय आहे हे माहीत नसतं. हातात काय? त्या काळी हँडलवर एका डबीत कागदाची गुंडाळी असे, रोडबुक. त्यावर चित्रं आणि आकडे : इतक्या किलोमीटरला डावीकडे वळा, इतक्या अंशांवर चला, इथं खड्डा, इथं तिहेरी धोका. एका हातानं गाडी, अंगठ्यानं गुंडाळी पुढे सरकवायची, आणि डोळे एकदा कागदावर, एकदा वाळूवर. ही माहीत नसलेली माती.

माहीत असलेल्या मातीत कौशल्य लागतं, आणि कौशल्याला तारुण्य लागतं. माहीत नसलेल्या मातीत कौशल्य पुरत नाही, तिथं विवेक लागतो. कुठं पिळायचं, कुठं सोडायचं, कुठं थांबून रस्ता शोधायचा. ॲरिस्टॉटलनं धैर्याची व्याख्या करताना त्याला भित्रेपणा आणि अविचारी धाडस यांच्या मधलं स्थान दिलं, हे आम्ही वर्गात अनेक वर्षं शिकवलं. विद्यार्थी विचारायचे, सर, ते 'मध्य' कुठं सापडतं? ते मोजपट्टीनं सापडत नाही. योग्य वेळी, योग्य कारणासाठी, योग्य प्रमाणात भिणं आणि पुढे जाणं, हे अनुभवानंच येतं, असं तोही म्हणतो. रॅलीपटूचं तिशीनंतरचं आयुष्य हा या मुद्द्याचा चालताबोलता खुलासा आहे.

संतोषनं 'रेड द हिमालय' गाजवली. थंडी, विरळ हवा, खिंडी, बर्फ. जिथं इंजिनलाही श्वास पुरत नाही, अशी ती स्पर्धा, आणि ती त्यानं जिंकली. मग तो आखाती वाळवंटात गेला. अबू धाबीच्या स्पर्धेत त्याच्या गाडीनं पेट घेतला आणि तो मानेजवळ भाजला. माणसाला घरी बसायला एवढं कारण पुरे होतं. तो बसला नाही. २०१५ च्या जानेवारीत तो डाकारच्या सुरुवातीच्या रेषेवर उभा होता.

डाकार म्हणजे काय, हे थोडक्यात. थिएरी साबीन नावाचा फ्रेंच माणूस १९७७ साली आफ्रिकेतल्या एका शर्यतीत तेनेरेच्या वाळवंटात वाट चुकला आणि मरता मरता वाचला. बहुतेकांनी असल्या जागेला पुन्हा तोंड दाखवलं नसतं. यानं ठरवलं की दुसऱ्यांनाही इथं आणायचं. २६ डिसेंबर १९७८ ला पॅरिसहून डाकारकडे पहिली शर्यत निघाली. साबीन स्वतः १९८६ च्या शर्यतीत हेलिकॉप्टरच्या अपघातात गेला. २००८ साली हल्ल्याच्या धोक्यामुळे ती रद्द झाली, २००९ पासून दक्षिण अमेरिकेत भरू लागली, आणि २०२० पासून सौदी अरेबियात. नाव डाकारच राहिलं. आपल्याकडे गिरणी बंद होते पण चाळीला नाव गिरणीचंच राहतं, तसं.

२०१५ ची शर्यत अर्जेंटिना, चिली आणि बोलिव्हिया या तीन देशांतून गेली. अंतर सुमारे नऊ हजार किलोमीटर, टप्पे तेरा. बोलिव्हियात उयुनीचं मिठाचं पठार आहे, समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटरच्या वर. त्या वर्षी तिथं पाऊस पडून मिठाचं पाणी साचलेलं होतं. ते खारं पाणी गाड्यांच्या वायरिंगमध्ये शिरलं आणि जगातल्या नामांकित स्वारांच्या गाड्या बंद पडल्या. तिसऱ्या टप्प्यात पोलंडचा एक स्वार मरण पावला. दीडशेच्या वर मोटरसायकली सुटल्या होत्या, शेवटपर्यंत पोहोचल्या त्यातल्या जेमतेम निम्म्या. त्यात एक संतोषची होती. डाकार पूर्ण करणारा पहिला भारतीय मोटरसायकलस्वार. क्रमांक छत्तीस.

छत्तीस! आपल्या वर्तमानपत्रांना या आकड्याचं काय करावं हेच कळत नाही. पहिला आला तर मथळा, दुसरा-तिसरा आला तर बातमी, छत्तिसावा म्हणजे काय? पण आकडा वाचायला शिकलं पाहिजे. ज्या माणसाच्या मागे ना देशी परंपरा, ना वाळवंटात वाढलेला उस्ताद, तो जगातल्या सर्वांत कठीण शर्यतीत पहिल्याच खेपेला शंभराहून अधिक जणांच्या पुढे राहतो. आणि आणखी एक योगायोग. तो ज्या केटीएमवर बसला होता, त्या कंपनीनं २००१ पासून २०१९ पर्यंतचं प्रत्येक डाकार मोटरसायकलच्या गटात जिंकलं. त्याच नावाच्या छोट्या गाड्या २०१२ पासून पुण्याजवळ चाकणला बनून आपल्या पोरांच्या हाती आल्या. म्हणजे यंत्र आपल्या उंबऱ्यापर्यंत आलेलं होतं, माणूस जायचा बाकी होता.

पुढची सहा वर्षं मी फक्त निकाल सांगतो, तुम्ही ऐका. २०१६, शर्यत अर्धवट. २०१७, सत्तेचाळिसावा. २०१८, चौतिसावा. २०१९, पाचव्या टप्प्यात पडला, बाहेर. यातली २०१७ पासूनची वर्षं हीरोच्या कारखाना संघाची. म्हणजे जगातली सर्वांत मोठी दुचाकी कंपनी होऊन पंधरा वर्षं झाल्यावर तिनं डाकारमध्ये गाडी उतरवली, आणि त्या पहिल्या संघात संतोष आणि पोर्तुगालचा जुआकिम रॉड्रिग्ज होते. पगार, मेकॅनिक, डॉक्टर, सराव यांची घडी आता बसली. पोरगं घरच्या पैशावर धावतं तेव्हा एक हाड मोडलं की कारकीर्द संपते. मागे संघ असला की तेच हाड म्हणजे तीन महिन्यांची रजा. कारकीर्द लांब होण्यात स्वाराच्या जिद्दीइतकाच वाटा या व्यवस्थेचा असतो. आपण नायकाची गोष्ट सांगताना हे विसरतो.

पण व्यवस्था सगळं वाचवू शकत नाही. २०१९ मध्ये पाउलो गोन्साल्विस हा पोर्तुगीज स्वार या संघात आला. २०१५ साली संतोष छत्तिसावा आला तेव्हा हाच गोन्साल्विस दुसरा होता. १२ जानेवारी २०२० रोजी सौदीत सातव्या टप्प्यावर तो पडला आणि गेला. वय चाळीस. तेरावं डाकार. संघानं शर्यतीतून माघार घेतली. लक्षात घ्या, गोन्साल्विस नवशिका नव्हता, त्याच्याइतका विवेक कुणाकडे असणार? तेव्हा अनुभव आला की धोका जातो, असं कुणी म्हणत असेल तर ते खोटं आहे. अनुभवानं धोका ओळखू येतो, इतकंच.

आणि मग ६ जानेवारी २०२१. चौथा टप्पा, वादी अद-दवासिरहून रियाधकडे. संतोष पडला, डोक्याला मार बसला. हेलिकॉप्टरनं रियाधच्या रुग्णालयात नेलं आणि डॉक्टरांनी त्याला औषधांनी बेशुद्धावस्थेत ठेवलं. देशभरच्या मोटरसायकलवाल्यांनी ते दिवस कसे काढले असतील याची कल्पना करा. तो शुद्धीवर आला, भारतात परतला, हळूहळू सावरला. डाकारमधली त्याची कारकीर्द मात्र तिथं थांबली.

इथं आमच्यातला तत्त्वज्ञानाचा मास्तर जागा होतो. सात वेळा डाकारला सुटलेला स्वार : तीनदा पोहोचला, चारदा नाही. कोष्टकात बघितलं तर ही हार आहे. पण कोष्टक फक्त 'किती' सांगतं. 'कशासाठी' आणि 'कुणासाठी' हे त्यात बसत नाही. म्हणून आम्ही तीन गोष्टी मोजायला सांगू.

पहिली गोष्ट, वाट. २०१५ च्या आधी भारतीय स्वारासाठी डाकार हे टीव्हीवरचं चित्र होतं. त्यानंतर टीव्हीएसच्या संघाकडून के. पी. अरविंद गेला, केरळचा हरिथ नोआ गेला. हरिथनं २०२१ मध्ये विसावा आणि २०२४ मध्ये अकरावा क्रमांक मिळवला, त्या वर्षी रॅली-२ हा आपला गटही जिंकला. आपल्या पुण्याचे संजय टकले २०२५ साली डाकार क्लासिकमध्ये चारचाकी घेऊन उतरले. छत्तीसपासून अकरापर्यंतचं अंतर हे दोन माणसांमधलं अंतर वाटेल, पण आम्हाला ती एकच रेघ दिसते. पहिल्यानं काटे तुडवले, दुसऱ्याच्या पायाला ते कमी लागले.

दुसरी गोष्ट, जागा. संतोषनं कोलार भागात 'बिगरॉक डर्टपार्क' हे प्रशिक्षणाचं मैदान उभं केलं. आपल्या तालमीत जुना पैलवान वस्ताद होतो. तो आता स्वतः फड मारत नाही, पण लाल मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मऊ कशी ठेवायची हे त्यालाच माहीत असतं, कारण त्या मातीवर पडलेला तोच असतो. मोटोक्रॉसमध्ये आपल्याकडे गाड्या होत्या, पोरं होती, तालीम नव्हती. पडावं कसं, उठावं कधी, गुडघ्याला काय बांधावं, आज धावू नये असा दिवस कसा ओळखावा, हे सांगणारा वस्ताद नव्हता. लांब कारकिर्दीचा शेवट असा वस्तादात झाला तर ती कारकीर्द संपली असं म्हणता येत नाही.

तिसरी गोष्ट, शिडी. २८ जानेवारी २०२४ रोजी पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली शर्यत झाली. संघ लिलावातून झाले, परदेशी स्वार आले, आपली पोरं त्यांच्या खांद्याला खांदा लावून धावली. कोल्हापूरकर मोहितेंचा संघ होता, पुण्याचा ऋग्वेद बारगुजे होता, आणि 'बिगरॉक' नावाचा संतोषचा संघही होता. पहिल्या मोसमाचं संघविजेतेपद त्याच बिगरॉकनं नेलं. लीग म्हणजे पैसा, दिवे, गोंगाट. तिच्यावर टीका जरूर करा; पैसा थांबला की लीग थांबते हे आपण इतर खेळांत बघितलं आहे. पण राष्ट्रीय पायरीवर संपणाऱ्या शिडीला आणखी एक पायरी लागली, हेही मान्य करा.

आता कुणी विचारेल, की सर, हे सगळं ठीक, पण सोलापूरला याचं काय? आपल्याकडे पोरं रस्त्यावर मरतायत आणि तुम्ही वेगाचं कौतुक करताय? हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसं गेली, आणि त्यांत दुचाकीवरची सुमारे ४४ टक्के. डाकारच्या सगळ्या इतिहासातही एवढी माणसं गेलेली नाहीत, आणि ती आपल्याकडे दूध आणायला, कामावर जायला, लग्नाला जाताना गेली. मोटोक्रॉसपटू मैदानात उतरतो तेव्हा त्याच्या अंगावर काय असतं बघा : पूर्ण हेल्मेट, मानेचा पट्टा, छातीची ढाल, गुडघ्याचे ब्रेस, घोट्याच्या वर जाणारे बूट, आणि मैदानाच्या कडेला ॲम्ब्युलन्स. ती नसेल तर पंच शर्यत सुरू करत नाहीत. आपण होटगी रोडला जाताना हेल्मेट हँडलला अडकवतो. धोका पत्करणारा माणूस धोक्याचा आदर करतो, आणि धोका मानतच नाही तो मरतो. वेगाची हौस असलेल्या पोराला 'गाडी हळू चालव' हे सांगून आजवर कुणी सुधारलेलं नाही. त्याला मातीचं मैदान, वस्ताद आणि नियम द्या. तालमीत गेलेलं पोरगं रस्त्यावर मारामारी करत नाही, असं आपले जुने लोक म्हणायचे. त्यात तथ्य होतं.

आम्ही सुरुवातीला विचारलं होतं, लांब कारकीर्द म्हणजे काय. आमचं उत्तर असं आहे. पहिली दहा वर्षं माणूस माहीत असलेल्या मातीवर आपलं कौशल्य दाखवतो. दुसरी दहा वर्षं तो माहीत नसलेल्या मातीवर आपला विवेक पारखून घेतो, आणि तिथं तो हरतोही. त्यानंतर तो दुसऱ्याला माती ओळखायला शिकवतो. यातला तिसरा भाग नसेल तर पहिले दोन भाग केवळ करमणूक ठरतात. जिंकणं ही त्या प्रवासातली एखाद्या दिवसाची गोष्ट आहे; असली तर आनंद, नसली तरी कारकीर्द खोटी होत नाही.

शेवटी इतिहासाच्या दृष्टीनं एक विनंती. संतोषची नोंद राहील, कारण तो डाकारला गेला. पण पुणे, नाशिक, कोल्हापूर, सांगली, बेळगाव या पट्ट्यात सत्तर-ऐंशीच्या दशकांपासून मातीवर धावलेले कितीतरी स्वार आणि त्यांच्या गाड्या तयार करणारे मिस्त्री आहेत. त्यांची नावं कुठल्याही ग्रंथात नाहीत. त्यांच्याकडे गंजलेले करंडक आहेत, शर्यतीची हँडबिलं आहेत, पिवळे पडलेले फोटो आहेत, गॅरेजच्या भिंतीवर चिकटवलेली कात्रणं आहेत. दिवाळीला घर साफ करताना हे सगळं रद्दीत जातं. तुमच्या ओळखीत, नात्यात, गल्लीत असा कुणी काका असेल तर त्याच्याजवळ बसा. कुठल्या साली, कुठल्या मैदानावर, कुठल्या गाडीवर, कोण पडलं आणि कोण पोहोचलं, हे विचारून तारखेसह वहीत लिहून ठेवा, आणि वही ग्रंथालयात द्या. हरलेल्यांची नावं गाळू नका. ज्या शर्यतीत फक्त पहिल्याचं नाव उरतं, तिचा इतिहास लिहिता येत नाही. कारण शर्यत सगळ्यांनी मिळून केलेली असते.

 आता प्रश्न घेऊ या.